बरणीतली कळलावी

मी कळलावीवर काम करते हे आमच्या आईला शेवटपर्यंत आवडलं नाही. घरात कळलावी आली की भांडण आलंच, असं ती म्हणायची. मी म्हणायचे, अगं, घरात कुठं, बीडच्या लॅबमध्ये बरणीत आहे ती, अन् त्याही नुसत्या मुळ्या. त्या मुळ्यांतून आम्ही सांधेदुखीच्या गोळ्यांचं औषध काढतो. कंद खणायला नको, डोंगर उजाडायला नको. डोंगर तसा आधीच उजाडला होता. धर्मापुरीकडच्या माझ्या माहेरच्या डोंगरावरचे कंद व्यापाऱ्यांनी पोत्यांनी नेले. शेवटचा कंद मी आणला, अन् त्याचा वंश आता फक्त आमच्या बरण्यांत होता. बरण्या गेल्या की संपलं.

खंडेनवमीला सरांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, यंत्रांची पूजा मांडली. आमच्याकडं त्या दिवशी ट्रॅक्टर पुजतात, शिलाई मशीन पुजतात, मग लॅबनं काय घोडं मारलं? मी म्हटलं, हळदकुंकू, नारळ काय ते दाराबाहेर करा, पण आत झेंडू नको, झेंडूत धुळीएवढे बारीक कोळी असतात, ते बरण्यांत शिरतात. पालथ्या घड्यावर पाणी. सरांच्या शेतातला झेंडू लई टपोरा निघाला होता, तो त्यांना मिरवायचाच होता.

"मॅडम, ज्याच्यावर पोट हाय त्याला फूल न्हाई वाहायचं?" ते म्हणाले, अन् बरण्यांच्या रॅकला माळा चढल्या. सर वाईट माणूस नाहीत. पण त्या दिवशी मला त्यांचा असा संताप आला की मी प्रसादही घेतला नाही.

दसरा झाला, माळा सुकल्या, काढल्या. काहीच झालं नाही, अन् त्याचीच मला धास्ती वाटत होती. मग एका सकाळी कोपऱ्यातल्या बरणीत, मुळ्यांखालच्या जेलीवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसली. बुरशी एरवी एका जागी पसरते, रांगेनं चालत नाही. पायाला बुरशी घेऊन कोळी झाकणाच्या फटीतून आत शिरतो अन् पाऊल टाकेल तिथं ती उगवते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बरणीत तशीच रांग. मग खालच्या रॅकवर. मग सगळीकडंच.

शेवटी लागण झालेल्या बरण्या वाफेच्या मशीनमध्ये घालून मारून टाकाव्या लागल्या. सर दारात उभे होते.  आई म्हणायची ते भांडण तेवढं खोटं ठरलं.

एकच बरणी स्वच्छ निघाली. तिला मी कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्यांपासून लांब म्हणून थेट घरी आणली. मुळ्या दुधासारख्या पांढऱ्या होत्या, जेली नितळ. रोज उठल्या उठल्या आधी तिलाच बघायचे. आठवडा सरला तेव्हा एकटीच मोठ्यानं म्हणाले, "वाचली गं बाई."

तेवढ्यात झाकणाच्या कडेला, आतल्या बाजूनं, धुळीचा एक कण दिसला. मी बरणीला टिचकी मारली. कण पडला नाही. चालायला लागला.