पानबुवा, कानबाई आणि मी

पहिलेच वाक्य स्पष्ट असावे, म्हणून आधी सांगून टाकते. आबांच्या घरचा, कानबाई देवीसाठी केलेला रोट पूजेआधी उष्टा झाला, तो माझ्या शिकवणीमुळे. रोट खाल्ला एका सात वर्षांच्या मुलीने. पण घास तोंडात जाण्याआधी तिच्या डोक्यात जो नियम गेला होता, तो मी घातला होता. तोही व्याकरणशुद्ध! आता चहा घ्या आणि ऐका.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षे झाली होती. मी धुळ्याची, ट्रेनिंग पूर्ण करून चाळीसगावच्या अलीकडे, गिरणेकाठच्या एका गावात नेमली गेले. शाळा एकशिक्षकी, आणि ती एक शिक्षक मीच. गाव आणि शाळा यांच्यामध्ये गावातल्या थोरल्या शेतकऱ्याची, आबांची, केळीची बाग. त्या बागेतून चालणे म्हणजे, कसे सांगू तुम्हाला, पाण्याखालून चालल्यासारखे होते. वर पानांचे छत, त्यातून झिरपणारा हिरवा उजेड. आपले हातसुद्धा हिरवे दिसायचे. वारा नसतानाही एखादे पान उगीचच हलायचे, जणू कोणी झोपेत कूस बदलली.

त्या पानांत पानबुवा राहायचा. म्हणजे, गावातल्या प्रत्येक आईच्या म्हणण्याप्रमाणे राहायचा. जेवला नाहीस, पानबुवा नेईल. झोपली नाहीस, पानबुवा नेईल. हा गृहस्थ इतक्या मुलांना नेऊन करणार काय होता, हे कोणी विचारत नसे.

आबांची नात इंदू पहिलीत, आणि साऱ्या शाळेत ती एकटीच मुलगी. टिकली तर तिच्या मागून आणखी मुली येणार. गेली तर शाळेत पुन्हा सगळे मुलगेच. आणि ही इंदू महिन्यातले निम्मे दिवस बागेच्या अलीकडूनच परत फिरायची!

"काय आहे त्या बागेत?" मी विचारले.

"तो केळीसमा ऱ्हास, बाई. त्याना पाय वाजत नहीत. पान हाललं का समजानं, तो उना." हे सांगताना तिचे डोळे इतके लांब गेले, की मीही खिडकीतून बाहेर पाहिले. पाहिले हो! शिक्षिका झाले तरी डोळे सर्वांसारखेच असतात.

आबांनी तर निकालच दिला. "बाई, पोरले भेव वाटस. घरमाच ऱ्हाऊ द्या तिले."

मुलगी पानबुवापायी घरी बसवायची? मी असताना? दुसऱ्या दिवशी अंकगणित बाजूला ठेवले आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'ज्याचे नाव केवळ भीती घालण्यासाठी घेतात, तो खोटा.' सर्वांकडून तीन वेळा म्हणवून घेतले.

"पोत्यात घालून नेणारा म्हातारा?"

"खोटा!"

"पिंपळावरचा मुंजा?"

"खोटा!"

"दिपोटीसाहेब?" मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले.

आता दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी. त्यांच्या नावाने मी स्वतःच दर शनिवारी वर्ग झाडून घेत असे. मी उत्तर देण्याआधीच वर्ग आनंदाने गरजला, "खोटा!" तो विषय मी वाढवला नाही.

मग इंदूने हळूच बोट वर केले. "मंग देव, बाई? देव बी दिसत नही."

बाहेर बाग सळसळली. मला वाटले, अशा प्रश्नासाठीच आपण शिक्षक झालो. मी अतिशय सावकाश, प्रत्येक विरामचिन्ह ऐकू येईल असे, म्हणाले, "देव खरा आहे, कारण देव कधीही भीती घालत नाही."

काय वाक्य होते! त्या रात्री माझे मलाच ते दोनदा आठवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंदूचा हात धरून मी बागेत शिरले. हिरव्या उजेडात आम्ही मधोमध थांबलो. "हाक मार त्याला," मी म्हटले. तिने दोन्ही तळवे तोंडाशी नेऊन "पानबुवाऽऽ" अशी हाक घातली. लांबवर एक पान हलले. आम्ही कितीतरी वेळ उभ्या राहिलो. कोणीच आले नाही, आणि खरे सांगू, मला किंचित वाईटच वाटले.

पण इंदू रोज येऊ लागली. माझे डोके अभिमानाने आढ्याला टेकले!

मग श्रावण आला. आमच्या खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे रेखतात, नथ घालतात, दागिन्यांनी मढवतात आणि तो नारळ बघता बघता देवी होऊन आपल्याकडे पाहू लागतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन त्याच्या पिठाचा नैवेद्य करतात, तोच रोट. पूजेआधी त्याला शिवायचे नाही.

इंदू ताटाजवळ गेली, तशी तिची आई ओरडली, "हात नको लावू! कानबाई कोपी जाई!"

झाले! 'कोपी जाई' म्हणजे भीती. आणि भीतीविषयी बाईंनी काय शिकवले होते? इंदूने साऱ्या भाऊबंदांसमोर रोटाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

बातमी पाय फुटल्यासारखी निघाली. विहिरीवर पोचेपर्यंत ती 'बाई म्हणतात कानबाई खोटी' अशी झाली. पारावर 'बाईंनी कानबाईला पानबुवा म्हटले'. आणि आबांचा गडी मला बोलवायला आला तेव्हा वाटेत मला कळले, की रोट मीच खाल्ला होता!

आबांच्या ओसरीवर बायका गाणी म्हणायच्या थांबल्या होत्या. समयांच्या उजेडात कानबाईची नथ हळूच चमकत होती. मी नमस्कार केला. नारळाचे ते रेखलेले डोळे माझ्याकडेच पाहत होते, आणि ते रागावलेले आहेत की हसताहेत, हे मला काही केल्या ठरवता येईना.

"बाई, तुम्हीन काय शिकाडं?" आबांनी विचारले. "बठ्ठं गाव हासी ऱ्हायनं. उद्यापासून पोर शाळामा येणार नही."

अशा वेळी शिक्षक करतात तेच मी केले. प्रश्न विद्यार्थ्याकडे ढकलला. "इंदू, का खाल्लास गं रोट?"

इंदू रडत नव्हती. तिला नवल वाटत होते, की एवढे सोपे कोणाला कळत कसे नाही. "माय म्हने, कानबाई कोपी जाई. मी खाधा. ती काय कोपनी नही. मंग ती खरीच शे ना, बाई?"

समईची वात तडतडली. मी एक वाक्य शिकवले होते. या मुलीने त्याची परीक्षा घेतली होती, आणि देवीला पूर्ण गुण देऊन मोकळी झाली होती.

आबांनी कानबाईकडे पाहिले, मग नातीकडे. आणि मिशीतून हसू फुटले. "कोपनी नही म्हने! खरी शे म्हने! बाई, हाई पोर तुमनापेक्षा हुशार शे."

"ते मी पहिल्या दिवसापासून म्हणते आहे," मी म्हणाले. आधी कधी म्हणाले नव्हते, पण आता म्हटले.

तेवढ्यात इंदूच्या आईने खरा पेच मांडला. "पानबुवा गया, कानबाईनं नाव लेवानं नही. मंग पोरेसले भेव कसानं दाखाडानं? जेवतस नही, झोपतस नही!"

"भीती घालायचीच कशाला?" मी शुद्ध मराठीत विचारले.

एवढ्यात तिच्या कडेवरच्या दोन वर्षांच्या धाकटीने मला नीट पाहिले, "बाई उनी!", म्हणजे बाई आली, अशी किंकाळी फोडली आणि आईच्या पदरात डोके खुपसले. तिच्या हातातली भाकरी मात्र भराभर तोंडात जाऊ लागली.

ओसरीभर खसखस पिकली. मी इंदूच्या आईकडे पाहिले.

"खोटं कसाले बोलू?" ती पदर तोंडाला लावून म्हणाली. "महिना झाया, बठ्ठं गाव तुमनंच नाव लेस. 'जेव, नहीते बाई ई जाई!' पानबुवाले पोरे भेत नव्हतात एवढी."

ज्याचे नाव केवळ भीती घालण्यासाठी घेतात, तो... पुढचे मी मनातसुद्धा म्हटले नाही. इंदू मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"इंदू, गप्प!" मी म्हणाले.

त्या रात्री कानबाईसमोर ठरले ते असे: नवा रोट करावा. देवीचे नाव भीतीसाठी घेऊ नये. इंदूने शाळेत यावे, आणि आबांच्या धाकट्या भावाच्या दोन मुलींनीही. भीती घालावीच लागली, तर बाईंची घालावी. मात्र मूल शाळेत आले की थांबवावी. आबांनी मान्य केले, इंदूच्या आईने मान्य केले, भाऊबंदांनी माना हलवल्या. मीही होकार दिला. विरोध एकटीचाच होता, त्या दोन वर्षांच्या मुलीचा. पण मी तिच्याकडे वळून पाहिले, तशी तीही मान्य म्हणाली.