मिस व्हर्डेलचे पांढरे हातमोजे

माउंट हर्मन चर्चच्या मधल्या दारात व्हर्डेलबाई टिस्डेल एकेचाळीस वर्षं उभ्या होत्या. म्हणजे रविवारी. बाकीचे दिवस त्या बसून काढत. आधी एकतीस वर्षं मेकन गावच्या शाळेच्या पिवळ्या बसमध्ये ड्रायव्हरच्या जागी, जिथं पोरं त्यांना 'मिस व्हर्डेल' म्हणत, आणि निवृत्तीनंतर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत. पण कोणी विचारलं, बाई तुम्ही कोण, तर बसचं नाव नाही, गेलेल्या नवऱ्याचं नाही. ताठ मानेनं सांगत, "मी अशर आहे."

अशर म्हणजे देवाच्या घरचा दारवान. पांढरा पोशाख, पांढरे बूट, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, सगळं हातांनी. दोन बोटं वर म्हणजे दोघांना जागा द्या. हात कपाळाशी म्हणजे पंखा आणा, पुढच्या बाकावर कोणाच्या तरी अंगात पवित्र आत्मा संचारलाय. मूठ छातीशी म्हणजे घर भरलं, आता आत कोणी मावत नाही. ही शेवटची खूण एकोणीस वर्षांत एकदाही करावी लागली नव्हती. बाई नव्या लोकांना ती शिकवतसुद्धा नसत. आणि नवे लोक तरी कुठं होते?

तेच तर दुखणं होतं. अशरांच्या मंडळात पाच जणी उरल्या होत्या आणि सगळ्यांत लहान होती ती एकसष्ट वर्षांची. रेव्हरंड बॉनर यांनी जूनमध्ये स्पष्ट सांगितलं, "सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी, अशरांच्या दिवशी, बारा जण उभे राहिले तर मंडळ राहील. नाहीतर दारात टी-शर्ट घातलेली हसरी पोरं ठेवू."

"टी-शर्ट!" घासात खडा लागावा तशा व्हर्डेलबाई म्हणाल्या. घरी येईपर्यंत तो शब्द त्यांनी सात वेळा उच्चारला.

मुलगी लव्हॉन दातांच्या दवाखान्यात कामाला होती. ती म्हणाली, "मम्मा, व्हिडिओ टाक. लोकांना बोलाव." झालं, बाई लागल्या कामाला. पांढरा पोशाख, टोपी, लिपस्टिक. फ्रिजसमोर उभं राहून एकेक खूण समजावली, शेवटी गोड हसून म्हणाल्या, "या, आमच्यात उभे राहा." आठवडाभरात तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला गेला. त्यांतल्या सात वेळा बाईंनी स्वतःच.

"चेहरा जरा कडक दिसतो तुझा," ओझेला प्रुइट म्हणाली. ओझेला डाव्या बाजूची अशर, बाईंची सख्खी मैत्रीण, आणि पन्नास वर्षांत एकदाही त्यांच्याशी सहमत न झालेली. "पोरं बसमधून उतरायची ती काय उगाच पळत उतरायची?"

"तुझ्या चेहऱ्यानं दूध नासतं, ओझेला, पण मी कधी बोलले का?"

आणखी सहा व्हिडिओ झाले. नऊ जण, चौदा जण, आठ जण. आठव्या खेपेला साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन घसरला आणि व्हिडिओत बाईंचे नुसते हातच आले. मनगटापर्यंत पांढऱ्या बाह्या, पुढं पांढरे हातमोजे. पुन्हा करायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी तोच टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग्या होऊन पाहतात तर दोन लाख चाळीस हजार!

लव्हॉन मोठ्यांदा वाचत होती. "'काय डौलदार हात!' 'बाई कुठल्या राजवाड्यात असतात?' 'या स्वित्झर्लंडच्या का?'"

"स्वित्झर्लंड!" ओझेला टेबलावर थापा मारायला लागली. "अगं, ही अटलांटाच्या पलीकडं गेली नाही कधी!"

बाई मात्र आपले हात उलटसुलट करून बघत राहिल्या. खुणा त्याच, हात तेच, स्वयंपाकघर तेच. मग फरक कशाचा?

लव्हॉननं खुर्ची ओढली. "मम्मा, कोणाचं कोणाला दाखवायचं हे तिथं यंत्र ठरवतं. आपल्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. माझ्या मैत्रिणीनं नाचाची एक नवी चाल काढली, शंभर जणांनी पाहिली. तीच चाल युटामधल्या एका गोऱ्या पोरीनं केली, तर ती टीव्हीवर गेली. यंत्राला आपले काळे चेहरे रुचत नाहीत."

"यंत्राला कसली आलीय रुची?" ओझेला म्हणाली. "हिनं काहीतरी दाबलं असेल चुकीचं."

आता असं बोलल्यावर मंडळ गप्प बसतंय होय! पाचही जणी शनिवारी सकाळी व्हर्डेलबाईंच्या ओट्याशी जमल्या. पीच फळांचा कॉबलर, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायचा गोड पदार्थ, करायचा आणि व्हिडिओ घ्यायचा, पण तीन वेळा. एकदा उघड्या हातांनी, एकदा हातमोजे घालून, एकदा हातमोजे आणि वर बाईंचा चेहरा. शब्द तेच, पीच तेच, ओव्हन तोच. घराला बेकरीसारखा वास सुटला आणि पाचही जणींनी पोट फुटेस्तोवर खाल्लं. मंगळवारी निकाल आला. उघडे काळे हात, एकेचाळीस. हातमोजे आणि चेहरा, एकोणीस. नुसते हातमोजे, नव्वद हजार.

"योगायोग," ओझेला म्हणाली, पण आवाज पडला होता. मग तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला, त्याच्या दांड्याला आडवी काठी बांधली, दोन्ही टोकांना कापूस भरलेले हातमोजे चढवले, एकाची दोन बोटं उभी ठेवली आणि टेबलाखाली बसून त्याला 'दोघांना जागा द्या' अशी खूण करायला लावली. तो व्हिडिओही टाकला. गुरुवारपर्यंत झाडूला साठ हजार लोकांनी पाहिलं. एकानं लिहिलं, 'या बाईंचं वळण बघा!'

त्या दिवशी पाच म्हाताऱ्या जमिनीवर लोळून हसल्या. एकीची कवळी निघाली, ओझेलाला टेबलाखालून ओढून काढावं लागलं. "सिस्टर झाडू!" हाक मारायची आणि पुन्हा सगळ्यांनी फुटायचं. हसता हसता व्हर्डेलबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेचना, तेव्हा बाकीच्या हळूहळू शांत झाल्या.

"झाडू चालतो त्यांना," बाई म्हणाल्या. "मी नाही चालत. एकेचाळीस वर्षं हे हातमोजे मी देवासमोर स्वच्छ हात न्यायचे म्हणून घातले गं. लपायला नव्हते घातले."

ओझेलानं झाडूवरचे हातमोजे काढले आणि घडी घालून बाईंच्या मांडीवर ठेवले.

अशरांच्या दिवसाला आठवडा उरला होता. हातमोज्यांवर लाखो लोक खूश होते, पण 'मी येतो' असं एकानंही लिहिलं नव्हतं. राजवाड्यातल्या बाईच्या शेजारी उभं राहायला मेकनमध्ये कोण कशाला येईल? बाईंनी ठरवलं, लाइव्ह करायचं. लव्हॉननं फोन धरला, चौकटीत फक्त हातमोजे. बघता बघता एकतीस हजार लोक गोळा झाले. बाईंनी सगळ्या खुणा करून दाखवल्या. मग उजव्या हाताचं एकेक बोट ओढत हातमोजा काढला, डाव्याचा काढला, आणि म्हणाल्या, "लव्हॉन, फोन वर घे."

"मम्मा, लोक जातील."

"जाऊ देत. दार उघडं आहे. अशर कोणाच्या मागे धावत नाही."

चेहरा आला. आकडा धडाधड उतरला. वीस हजार, चार हजार, नऊशे. बाई फोनच्या मधोमध बघत बोलत राहिल्या. "मी व्हर्डेल टिस्डेल. हे माझं तोंड. ज्याला आवडत नसेल त्यानं जावं, ज्याला उभं राहायचं असेल त्यानं रविवारी माउंट हर्मनला यावं. आणि जरा ताठ बसा रे!" शेवटी दोनशे बारा जण उरले.

तेवढ्यात खाली एक ओळ उमटली. 'मिस व्हर्डेल? चौदा नंबरची बस?'

मग दुसरी. 'अरे देवा, या तर आरशातल्या बाई!' तिसरी. 'मला थंडीचा कोट आणायला घरी परत पाठवलं होतं यांनी, आणि बस थांबवून ठेवली होती.' चौथी. 'बसमध्ये सारख्या ओरडायच्या, खाली बस, डेमॅरियस!' त्याच्याखाली खुद्द डेमॅरियसच: 'बसलो, बाई, बसलो!' ओळींवर ओळी यायला लागल्या. एकतीस वर्षं ही पोरं मागच्या बाकांवर बसली होती आणि पुढच्या मोठ्या आरशात रोज त्यांना एकच चेहरा दिसत होता. हात नव्हे, चेहरा. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लव्हॉन फोन टाकून त्यांच्या गळ्यात पडली, त्यामुळे उरलेल्यांना बराच वेळ नुसतं छत दिसलं.

चौथ्या रविवारी चौदा जण पांढरे कपडे घालून मंडळात उभे राहायला आले. दाढीवाले, पोट सुटलेले, कडेवर पोरं घेतलेले. येताना आयांना आणि शेजाऱ्यांना घेऊन आले. रेव्हरंड बॉनर दोनदा मोजत होते. हातमोजे एका जोडानं कमी पडले, तेव्हा व्हर्डेलबाईंनी आपले काढून शँटेरा नावाच्या नर्सच्या हातात चढवले आणि उघड्या हातांनी मधल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. डावा हात पाठीशी.

बाक भरले. भिंतीलगतच्या खुर्च्या भरल्या. गाणाऱ्यांच्या मागची जागा भरली. पार पुढून ओझेलानं दाराकडं पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि विसरलेलं काही आठवावं तशी तिची मूठ हळूच छातीशी गेली.

आलेली खूण पुढं द्यायची हा नियम. व्हर्डेलबाई रस्त्याकडं वळल्या. पायऱ्यांवर अजून तीसेक माणसं होती. बाईंनी आपली उघडी काळी मूठ छातीवर ठेवली, आणि एकेचाळीस वर्षांत त्या दारात जो आवाज कधी निघाला नव्हता तो निघाला. बाई खदखदून हसल्या.

"जागा नाही?" सगळ्यात खालच्या पायरीवरून डेमॅरियस ओरडला. "मग उभे राहतो की, मिस व्हर्डेल! तुमच्या बसमध्ये कधी उभं राहू दिलं होतं?"