जन्माआधीच्या कड्या

३ फेब्रुवारी २०२५ रोजी मन्मथप्पांनी लातूरच्या एका दवाखान्यात १८,६५० रुपये भरले. बायकोच्या गर्भजलाची तपासणी होती. गंगासागर एक्केचाळीस वर्षांची. घाटनांदूरच्या किराणा दुकानात नवऱ्याच्या बरोबरीनं बसणारी. एकुलती लेक ईश्वरी बीएस्सीला गेली आणि तिच्या जन्मानंतर एकोणीस वर्षांनी पुन्हा दिवस राहिले.

अठरा दिवसांनी अहवाल आला. बाळाच्या पेशींत एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा होतं, म्हणजे डाऊन सिंड्रोम. बाळ ठेवायचं की नाही ते आठवड्यात सांगा, असं डॉक्टर म्हणाले.

"साखरेची पोती ओढू नको म्हणलं व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "ऐकती कुठं."

"पोत्यानं न्हाई व्हत, आज्जी," ईश्वरी म्हणाली. "पेशी गुणसूत्राची नक्कल करती, तवाच दोन्ही प्रतींभोवती कडी बसवती. वाटणीच्या आधी सुटू नयेत म्हणून. आईच्या बीजांडातल्या कड्या आई तिच्या आईच्या पोटात व्हती तवाच बसल्या. चाळीस वर्षं त्याच. सैल पडल्या की वाटणी चुकती."

"मग नव्या बसवायच्या."

"नव्या न्हाई बसत."

तिच्यावरचा दोष टळला, पण गंगासागरला हलकं वाटलं नाही. कड्या तिच्या हातात कधीच नव्हत्या. आणि जे हातात होतं, ते घरानं ठरवून टाकलं होतं.

"सोमवारी लातूरला जाऊन मोकळं होऊ," मन्मथप्पा तूरडाळ जोखता जोखता म्हणाले. "ईश्वरीचं लग्न व्हायचंय." सासूबाईंनी तर शेजारी सांगूनही टाकलं, सुनेला रक्त कमी हाय, भरती करणार. दुकानात तोच विषय, आत चुलीपाशी तोच.

त्यांच्या लिंगायतांत आठव्या महिन्यात पूजा सांगणारे जंगमस्वामी येतात आणि पोटातल्या बाळासाठी आईच्या अंगावर इष्टलिंग बांधतात. एकदा बांधलं की बाळ घरचं. मग त्याला नको म्हणायची कुणाची छाती होत नाही.

रविवारी नवरा मालाला परळीला गेला, तसं तिनं गावच्या जंगमांना, बसवेश्वरस्वामींना, बोलावलं.

"अक्का, आत्ता तर पाचवाच. एवढी घाई कावून?"

"आठव्यापतूर मला कुणी जाऊ देणार न्हाई, स्वामी."

स्वामींनी खांद्यावरची झोळी उतरवली. मग त्यांनी विभूती मागितली.

दोऱ्याची गाठ बसते न बसते तोच सासूबाई आल्या. लिंग दिसताच त्यांचे हात जोडले गेले.

संध्याकाळी मन्मथप्पा म्हणाले, "कोंडलंस मला."

"मी बी आतच हाय," ती म्हणाली.

सोमवारी कुणी लातूरला गेलं नाही. गल्ल्याची किल्ली रविवारी मन्मथप्पांच्या खिशात होती. म्हणून स्वामींची एक्कावन्न रुपये दक्षिणा द्यायची राहिली आहे.