भाऊजींचं नाक आणि स्वस्तातली लाल वाइन

अख्ख्या दिल्लीत वाइनमधलं खरं कळणारा माणूस एकच आहे आणि माझं नशीब असं की तो माझ्या ताईचा नवरा आहे. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. आमचे भाऊजी गुडगावला गेले आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त लाल वाइन घेऊन द्वारकेच्या फ्लॅटवर परतले. "ब्लेंड आहे, तीन जातींच्या द्राक्षांचं," हे ते असं सांगतात की जणू स्थळच आणलंय. दर रविवारी दुपारी मला हजेरी लावावी लागते. वाइन आधी स्टीलच्या तांब्यात ओततात. "तिला जरा श्वास घेऊ दे यार!" मग ग्लास फिरवायचा, नाक आत खुपसायचं, डोळे मिटायचे. "जांभूळ. ओलं लाकूड. मागून किंचित चॉकलेट." मला नुसता आंबूस वास येतो, पण तसं म्हटलं की, "तुझं नाक अडाणी आहे." जन्मभर ऑफिसच्या कॅन्टीनचा चहा प्यायलेल्या माणसाने हे बोलावं!

शेवटी मला राहवेना. एका रविवारी ताईने केलेलं आमसुलाचं सार गाळून मी गुपचूप त्यांच्या ग्लासात ओतलं. हिंगाची फोडणी अशी सणसणीत, की शेजारचे सरदारजी ताट घेऊन आले असते. भाऊजींनी नाक खुपसलं, डोळे मिटले. "वा! जांभूळ. ओलं लाकूड..." मी हसून हसून आडवा झालो.

ताई हसली नाही. तिने त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला. "अहो, हिंगाचासुद्धा वास येत नाही तुम्हाला? कधीपासून?"

"त्या तापानंतर," भाऊजी खाली बघत म्हणाले. "दोन वर्षं झाली. सराव केला तर परत येईल म्हणतात. वाइनच्या पुस्तकात लिहिलेले वास म्हणत बसतो. तू मसाला भाजतेस तेव्हा किचनमध्ये येऊन उभा राहतो ना, तो त्यासाठीच. काहीच येत नाही गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवार अजून चालू आहेत. आता ग्लास आधी ताई हुंगते आणि त्यांना सांगते, "आंबट आहे. भिजवलेल्या चिंचेसारखा. आणि हो, थोडा आपल्या जुन्या कपाटासारखा."

भाऊजी डोळे उघडून माझ्याकडे विजयाने बघतात. "बघ! लाकूड आहे, म्हणालो नव्हतो?"

"बिल्कुल, भाऊजी," मी म्हणतो.

परवा ताईला मी हळूच विचारलं, खरंच येतो का गं कपाटाचा वास? ती म्हणाली, "तू गप्प बस."