भाबीचे मीठ आणि माझे गेदर

ही हकीकत मी इतकी वर्षे अर्धीच सांगत आलो. कुपा मासा ओळखावा तर खालापूरच्या म्हाताऱ्याने, असे कर्जतच्या बाजारात आजही म्हणतात. तो म्हातारा मी. ते ऐकले की छाती फुगते, हे नाकारत नाही. ही ओळख कुठे शिकलात असे कोणी विचारले की मी समुद्राचा भाग रंगवून सांगायचो आणि मासळीची गाडी पेणेच्या पुढे लागली की थांबायचो. पुढचे बायकोला सांगितले नाही, मुलांनाही नाही. त्या पुढच्या भागात माझ्या भाबीचे, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोचे, नाव गेले. ते माझ्यामुळे गेले. आता लिहून ठेवतो.

आमचे वाडवडील किनाऱ्यावरचे. आजोबा खाऱ्या मासळीचा धंदा घेऊन डोंगराकडे आले आणि खालापुरात राहिले. आजूबाजूला सगळी शेतकऱ्यांची घरे. पावसाळ्यात होड्या बंद, ओढ्यांना पाणी, गाड्यांचे रस्ते चिखलात. म्हणून पाऊस लागण्याआधी प्रत्येक घर चार महिन्यांचे सामान भरून ठेवते. याला आमच्याकडे आगोट म्हणतात. आगोटीला सुके बोंबील आणि सोडे कोणाकडेही मिळत, पण खारवलेला कुपा घ्यायला लोक पोशीरपासून आमच्या दारात येत. पोशीरवाले तांदूळ पिकवण्यात कोणाला ऐकत नाहीत, पण लावणीच्या दिवसांत भाकरीबरोबर त्यांना आमचाच तुकडा लागे.

याचे कारण भाबीचा हात. बंदरावर मासा कापून पहिले मीठ लावलेले असे. तो घरी आला की भाबी त्याचे पाणी निथळवून टाकी, पेणेच्या मिठागरातले जाडे मीठ बोटांनी मांसात चोळी आणि रांजणात थर लावून वर दगड ठेवी. किती मीठ, कधी उलथायचे, हे ती कोणाला सांगत नसे. नुसता वास घेऊन ती रांजणाचे झाकण परत लावी आणि म्हणे, "अजून दोन दिस झोपू दे त्याला." आमच्या घरची रीत अशी की रांजण उघडला की गिऱ्हाइकासमोर वरचा तुकडा निखाऱ्यावर भाजून घरच्या माणसाने आधी खायचा. तो मान भाबीचा होता. बाया दुकानाचे नाव घेत नसत, भावाचेही घेत नसत. "भाबीचा कुपा द्या" एवढेच म्हणत. तिला दुसरे काही मिरवायला नव्हते. अंगावर दागिना नव्हता, मूल तोवर झाले नव्हते. हाताचे नाव तेवढे होते, आणि आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

बोरघाटातून आगगाडी सुरू होऊन थोडीच वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी विशी ओलांडलेला. मासे विकणाऱ्याच्या घरात वाढलो, पण समुद्र पाहिला होता तो बंदरावरून. त्या वर्षी शिमग्यानंतर भावाने मला मासळी आणायला मामूकडे पाठवले. मामू म्हणजे आईचा भाऊ. राजपुरीच्या खाडीत त्याचा मचवा होता आणि तो चालवणारा तांडेल तो स्वतःच. निघताना मी भाबीला म्हणालो, "या खेपंला माझ्या हातानं धरलेला कुपा आणतो. त्योच तू खारव."

ती म्हणाली, "आधी मचव्यात उलटी न करता बस. मग कुपा धर."

उलटी झाली. किनारा दिसेनासा झाला आणि माझ्या पोटात काही राहिले नाही. खलाशी हसत होते. एकजण म्हणाला, "डोंगराकडचा पाव्हणा माशांना चारा घालतोय." पण ऊन वर आले तसा मी सावरलो. पुढे पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा घिरट्या घालत होता, आणि त्यांच्याखाली पाणी उकळल्यासारखे दिसत होते. मामूने सुकाणू वळवले. गळाला कोंबडीची पांढरी पिसे बांधलेली होती, आमिष काही नाही. चालत्या मचव्यामागे दोरी सोडायची, पिसे पाण्यात धावतात, मासा त्यांना लहान मासळी समजून झडप घालतो.

माझ्या दोरीला पहिला झटका बसला तेव्हा तळहाताची कातडी गेली. मी सोडली नाही. मामू ओरडला, "वढू नको, त्याला पळू दे. दमला की मग घे." मी तसे केले. मासा वर आला, फळीवर पडला आणि शेपटीने फळी अशी वाजवायला लागला की आमच्याकडे लग्नातला ताशा वाजतो तसे वाटले. पाठ निळी, पोलादासारखी. तिच्यावर काळ्या वळवळत्या रेषा. अंग गोटीसारखे गच्च. मी हात लावला तर मासा गरम लागला. समुद्राच्या पाण्यातला मासा आणि गरम! आयुष्यात इतका आनंद मला मोजक्याच वेळा झाला आहे. त्यानंतर थवा हलेपर्यंत मी ओढत राहिलो. रक्ताने दोरी निसरडी झाली होती. मामू खलाशांना म्हणाला, "बगा रं, माझा भाचा." ते वाक्य मला अजून ऐकू येते.

थवा गेल्यावर मामूने सगळी मासळी ओळीने लावली आणि मला शेजारी बसवले. म्हणाला, "आता शीक. धरता कुणालाबी येतं."

दोन मासे पुढ्यात ठेवले. मला दोन्ही सारखेच दिसले. तीच निळी पाठ, त्याच रेषा, तेवढाच आकार. मामूने पहिल्याच्या पाठीवर बोट फिरवले. "ह्या पाठीवरच्या दोन पंखांत फट हाय का? नाय. एक संपतो तितं दुसरा चालू. आता पोटाकडं बग. बाजूच्या पंखाखाली." तिथे चार-पाच काळे ठिपके होते, काजळाचे बोट टेकवावे तसे. "ह्यो कुपा." मग दुसरा उचलला. पाठीच्या दोन पंखांत माझी चार बोटे बसतील एवढी मोकळी जागा. पोट पांढरे, ठिपका एक नाही. "ह्यो गेदर. ह्याचं मांस कापलं तर काळजासारखं काळं. रगत लई. ऊन लागलं की आतनं बिगडतं आणि वरनं कळत नाय. आज धरला, आज खाल्ला, तर ग्वाड. खारवायचा नाय. खारवला तरी आतलं बिगडल्यालं मिठानं सुधरत नाय. खाणाऱ्याचं त्वांड लाल हुतं, अंगाला खाज सुटती."

मग त्याने माझ्या दोरीचे मासे वेगळे केले. तिथली रीत होती की नव्या माणसाने पहिल्या दिवशी धरलेले मासे त्याचे. दुसरा कोणी त्यांना हात लावत नाही. त्याने ते किनाऱ्यावर शिजवून सगळ्या खलाशांना खाऊ घालायचे. माझ्या ढिगात एकही ठिपक्यांचा मासा नव्हता. सगळे गेदर.

भाबीला दिलेला शब्द मी मचव्यावर सगळ्यांना सांगून बसलो होतो. एक खलाशी म्हणाला, "पाव्हण्याचं नशीब. भाबीला काय दावणार?"

मामू म्हणाला, "गप रं. गेदर धराया काय कमी जोर लागतो? आज रातीला भाच्याची मेजवानी."

किनाऱ्याला लागलो तेव्हा दुपार कलली होती. मासे मचव्याच्या फळीवर उन्हात पडून होते. मामू आणि खलाशी दोऱ्या सोडवायला आणि मग नमाजाला गेले. गाडीने न्यायच्या माशाचे डोके, पंख आणि पोट बंदरावरच कापून टाकतात, म्हणजे ओझे कमी होते आणि मीठ आत शिरते. ते काम माझ्याकडे होते. कुपे कापून झाले. मग मी माझ्या ढिगातले थोडे गेदर मेजवानीला बाजूला ठेवले, आणि उरलेले ओढून घेऊन तेही कापले. पंख गेले, पोट गेले. ज्या दोन खुणा मी सकाळी शिकलो होतो त्या दोन्ही मी स्वतःच्या सुरीने पाण्यात फेकल्या. तुकडे मीठ लावून कुप्याच्या टोपल्यांत तळाशी घातले. मामूने विचारले तेव्हा उरलेले शेजाऱ्यांना वाटले म्हणून सांगितले.

मला कोणाचे वाईट करायचे नव्हते. माझ्या हातचा मासा माझ्या घरच्या रांजणात जावा एवढेच हवे होते. मामू जरा जास्तच घाबरवतो, असे मी स्वतःला समजावले.

धरमतरपर्यंत मचव्याने आणि पुढे पेणेवरून बैलगाडीने मी घरी आलो. भाबी अंगणात टोपल्या उपसायला बसली. वरचे तुकडे झाल्यावर तळाचा एक तिने हातात घेतला, दाबला, उजेडाकडे धरला.

"ह्याचं मांस काळं दिसतं रं. ह्यो कुपाच ना?"

मी म्हणालो, "भाबी, समुद्रावर मी गेलतो का तू?"

ती हसली. "तू गेलतास, बाबा. तूच सांग."

"माझ्या हातानं धरलेला हाय. कुपाच. तळाला दबला म्हणून काळा पडलाय."

"तुझ्या हातचा? मग ह्याला नीट चोळायला पायजे," असे म्हणून तिने ते तुकडे रांजणात सगळ्यात खाली घालायला वेगळे काढले आणि त्यांना दुसऱ्यांपेक्षा जास्त मीठ लावले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. जास्त लावले.

आगोटीला रांजण उघडला. भाबीने वरचा तुकडा भाजून खाल्ला. लोकांनी माल नेला. तळाचा माल शेवटी आलेल्या पोशीरच्या माणसांनी नेला.

लावणी ऐन भरात असताना त्यांच्यातला एक शेतकरी चिखल तुडवत आमच्या दारात आला. त्याच्या घरी दुपारी बांधावर सगळ्यांनी तुकडा खाल्ला आणि घटकेत सगळ्यांची तोंडे लाल झाली, डोकी ठणकायला लागली, अंगावर गांधी उठल्या, दोघींना उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सगळे बरे झाले होते, पण एक दिवसाची लावणी बुडाली होती.

तो म्हणाला, "आमच्या म्हातारीचं त्वांड असं सुजलं की सून वळखंना. भाबीनं मीठ घातलं व्हतं का नुसतं दावलं व्हतं?"

अंगणात शेजारची माणसे जमली. भाऊ खाली मान घालून उभा होता. तो म्हणाला, "घरच्या हातानं चूक झाली. पुढल्या साली दुसरा हात लागंल."

भाबी दारात होती. "मीठ मी कमी नाय घातलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण खारवलं मी हाय. तर बोल माझाच."

मी खांबाजवळ उभा होतो. एक वाक्य बोलायचे होते. बोललो नाही.

पुढच्या वर्षीपासून मीठ लावायला आत्या येऊ लागली. भाबी अंगणात येत नसे. तुकडा भाजून खायचा मान भावाने घेतला. "भाबीचा कुपा" हे शब्द दोन-तीन आगोटींत बाजारातून पुसले गेले.

मी मात्र दर वर्षी बंदरावर जायला लागलो. प्रत्येक मासा पंख आणि पोट शाबूत असताना स्वतः पाहायचा, मगच सुरी लावू द्यायची, असा नियम केला आणि तो हयातभर पाळला. आमच्या रांजणात परत कधी गेदर गेला नाही. कर्जत-नेरळच्या व्यापाऱ्यांना मी हे शिकवले, मुलांना शिकवले. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्या लोकांना आज किनाऱ्यावरच्या माणसाइतकी या दोन माशांची ओळख आहे. या कामाचा मला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण कोणी पाठ थोपटली की मला अंगणातली ती माणसे दिसतात.

भाबीला पुढे मुलगी झाली. भाऊ गेल्यावर ती मुलीकडे खोपोलीला राहायला गेली. मीही म्हातारा झालो होतो. एकदा ठरवूनच तिच्याकडे गेलो. वाटभर वाक्य घोळवत होतो. ती ओट्यावर नातसुनेबरोबर तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिने नातसुनेला सांगितले, "ह्यो माझा दीर. मासा वळखावा तर ह्यानं. राजपुरीच्या तांडेलाचा भाचा हाय." तिच्या आवाजात माझा अभिमान होता.

नातसून पाणी आणायला आत गेली. भाबी सुपातले खडे वेचत म्हणाली, "त्या साली माझा हात कसा चुकला रं? मी लई आठवते. कमी घातल्याचं मला आठवत नाय."

तोंड उघडले, आणि माझ्याच कानांनी मी ऐकले की मी म्हणतोय, "मीठच वलं असंल, भाबी. आगरावरनं तसंच आलं असंल."

तिने हातातले खडे ओट्याखाली टाकले. "असंल, बाबा," म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.

पाऊस लागायच्या आत ती गेली. जे म्हणायला मी खोपोलीला गेलो होतो ते असे होते: भाबी, तुझा हात नाय चुकला. ते गेदर व्हते, माझ्या गळाचे. मला ठाऊक व्हतं. तू इचारलंस तवा मी खोटं बोललो, आणि अंगणात गप ऱ्हायलो. मला माफ कर.