धाकट्याचं उधाण

सोफ्यांच्या त्या कारखान्यात थोरला भाऊ कापड बेतायचा आणि धाकटा ते ताणून ठोकायचा. धाकट्याला अधूनमधून उधाण यायचं. मग त्याला झोप नको, जेवण नको. ओठांत धरलेले खिळे न काढताच गायचा आणि एकटा तिघांचं काम उपसायचा. थोरला त्याची पाठ थोपटायचा, मोठाली कामं त्या दिवसांसाठी राखून ठेवायचा. पुढे तोच धाकटा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, की दारातूनच म्हणायचा, "झालं का सोंग सुरू?"

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की उधाण आणि पडून राहणं, दोन्ही एकाच आजाराची रूपं. स्वभाव नव्हे, आळस तर नव्हेच. मन सगळ्यांचंच वरखाली होतं. याचं हाताबाहेर जातं. गोळ्या दोन्हीकडून आवरून धरतात. थोरल्याने मान डोलावली. पण आजार म्हणून त्याने पडून राहणं तेवढं धरलं. उधाणाला तो बरकतच समजत राहिला.

गोळ्या सुरू झाल्यावर धाकटा चारचौघांसारखा काम करू लागला, वेळेवर घरी जाऊ लागला. तेवढ्यात नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं.

"आता ठणठणीत आहेस की. खुर्च्या होईपर्यंत गोळ्या बंद राहू देत," थोरला म्हणाला.

"तू म्हणतोस तर राहू देत, दादा."

खुर्च्या भराभर झाल्या. मग एका दुपारी, रंग चुकला म्हणत धाकट्याने निम्म्या खुर्च्यांचं कापड टराटरा फाडलं. अडवायला आलेल्या बायकोला ढकललं.

आता तो इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"गोळ्या कुणी थांबवल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणी म्हणजे? यांनीच," बायको म्हणाली. तिच्या मनगटाला पट्टी होती. "हाताने दुखणं ओढवून घेणाऱ्याचं माझ्याच्याने होणार नाही. मी मुलीला घेऊन माहेरी चालले."

धाकटा दादाचं नाव घेणार नाही, हे थोरल्याला ठाऊक होतं. तेच त्याला सोसेना.

"मी थांबवायला लावल्या," तो म्हणाला. "मला त्याचं उधाण हवं होतं. खुर्च्यांसाठी."

भावजय त्याच्याकडे वळली. "आम्ही तुमच्या भरवशावर होतो, भाऊजी."

मग ती नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली.

"दादा, खुर्च्यांचं काय?" धाकटा भिंतीकडे बघतच पुटपुटला.

"ते काम सोडलं मी."

सोडलं नव्हतं. थोरला तसाच उठून ते सोडायला नाट्यगृहाकडे निघाला. भावजयीने त्याला थांबा म्हटलं नाही.