चार काड्या

रोमन अंक मला येतात. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील, येत नाहीत म्हणून ही बाई चिडते. एकपासून हजारपर्यंत येतात, झोपेतून उठवून विचारा. तरी ते कुठे दिसले की माझं डोकं फिरतं. पंचवीस वर्षं झाली, पण राग आहे तिथेच आहे.

माझे बाबा सुतार. सानगडीजवळच्या आमच्या गावात निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं ते तिथली बाकं दुरुस्त करायला. सही मागितली की अंगठा पुढे करायचे. पण आकडे त्यांना येत होते, आणि ते त्यांचे स्वतःचे होते.

त्यांच्या कामाची रीत अशी. खिडकीची चौकट आधी आमच्या अंगणात जुळवायची. एका लाकडाचं टोक तासून बारीक करायचं, त्याला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडाला भोक पाडायचं आणि ते कुसू त्यात ठोकून बसवायचं. सगळं हाताचं काम, त्यामुळे एका भोकाचं कुसू दुसऱ्या भोकात कधीच धड जात नाही. म्हणून जोड नीट जुळला की दोन्ही लाकडांवर पटाशीने एकच आकडा कोरायचा, मग सगळं सुटं करून गिऱ्हाइकाच्या घरी न्यायचं आणि आकड्याला आकडा पाहून पुन्हा जोडायचं.

पटाशी सरळ घाव घालते, तिला गोलाई जमत नाही. म्हणून एकाला एक उभी काडी, दोनाला दोन, चाराला चार. पाचाला दोन तिरपे घाव, खाली टोकाशी मिळालेले. दहाला फुली. सहा म्हणजे पाचाची खूण आणि एक काडी, नऊ म्हणजे पाचाची खूण आणि चार काड्या. जेवढं दिसेल तेवढं मिळवायचं, बस! काडी डावीकडे आहे की उजवीकडे, याला बाबा विचारतच नव्हते. "लाकूड पलटते बाई," ते म्हणायचे. "आकडा पलटाले नाई पायजे."

शाळेतल्या एक-दोन-तीनच्या आधी मी हेच आकडे शिकले. भुशात बसून, बाबांच्या पायाशी.

पाचवीत गेल्यावर गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, रोमन संख्याचिन्हे. खाली I आणि V आणि X काढलं आणि विचारलं, "कोणाला माहीत आहे का?" मी अशी टुणकन उठले! अहो, हे तर आमच्या घरचे आकडे! मला वाटलं, सरकारने बाबांचे आकडे पुस्तकात छापले. खडू घेतला आणि एक ते दहा धडाधड लिहून काढले. चाराला चार काड्या. नवाला पाचाची खूण आणि पुढे चार काड्या. मागे वळून पाहिलं तेव्हा माझं तोंड आनंदाने एवढं मोठं झालं असेल.

"हे कोणी शिकवलं?" गुरुजींनी विचारलं.

"बाबानं."

वर्ग खो-खो हसला. गुरुजीही हसले. हसले ते हसले, पण चूक काय ते सांगायचं की नाही? नाही सांगितलं. म्हणाले, "पटाशीचं लिहिणं इथं नको. शाळेत आली आहेस तर शाळेचं शीक." आणि IV दोनशे वेळा लिहून आणायला लावला.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी कधीच विसरले असते. पण त्याच आठवड्यात बाबा शाळेच्या दाराची कडी बसवायला आले. गुरुजींनी त्यांना वर्गात बोलावलं. सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "मिस्त्री, पोरगी हुशार आहे. तिला भलतंसलतं शिकवत जाऊ नका. नुकसान तिचंच होईल." बाबांच्या एका हातात हातोडा होता. तो त्यांनी काखेत धरला आणि दोन्ही हात जोडले. "चुकलं गुरुजी," म्हणाले. काय चुकलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि गुरुजींनीही विचारू दिलं नाही.

मला त्या वेळी राग कोणाचा यावा? गुरुजींचा यायला हवा होता. आला बाबांचा! ह्यांच्यामुळे माझं हसं झालं, असं मला वाटलं. अकरा वर्षांची कार्टी मी. घरी आले, दप्तर फेकलं आणि बाबांचा मास्तर होऊन बसले. पाटी काढून सांगितलं, चार असा लिहायचा, नऊ असा लिहायचा, लहान आकडा आधी आला तर वजा करायचा.

बाबांनी पाटी हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. "पन लाकूड पलटलं तं?" एवढंच विचारलं.

आणि मी काय बोलले! ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हणाले, "गुरुजीपेक्षा तुमाले जास्त समजते काय?"

आई चुलीपुढून ओरडली, "बाप्पा! पोरगी हाय का कोन हाय?" बाबा तिलाच म्हणाले, "राहू दे. शिकून राहिली ते."

पुढचं काम सानगडीचं होतं. नव्या घराच्या तीन खिडक्या, म्हणजे बारा जोड. बाबांनी माझ्या पद्धतीने आकडे कोरले. मी शेजारी बसून तपासले आणि बरोबर म्हणाले. रविवार होता, म्हणून मीही सोबत गेले. तिथे लाकडं उतरवली, कोणती सरळ पडली, कोणती उलट्या टोकाने. आता तुम्हीच कागदावर IV काढा आणि कागदाची वरची बाजू खाली फिरवा. पाचाची खूण उलटी झाली तरी बाबांसाठी पाचच, काडी गेली दुसऱ्या बाजूला, आणि चाराचा झाला सहा. नवाचा झाला अकरा.

चाराचं कुसू सहाच्या भोकात ठोकलं गेलं. दोन घावांत आत गेलं नाही, म्हणून बाबांनी तिसरा जोरात घातला आणि लाकूड टोकापासून वीतभर फाटलं. चांगलं जुनं सागवान. घरमालक धावत आला. "इतके वर्ष काम करून राहिले मिस्त्री, चार आन सहा समजत नाई काय तुमाले?" पाच-सहा माणसं उभी होती. मीही उभी होते. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मालकाला म्हणाले, "माया नजरेची चुकी झाली."

मी तोंड उघडलं नाही. वर्गात टुणकन उठणारी मी, त्या दिवशी माझे पाय जमिनीत रुतले होते. थू माझ्यावर!

त्यानंतर बाबांनी आकडे टाकणंच सोडलं. जोड जुळला की मला हाक, "बाई, आकडा टाक." मी पेन्सिलीने साधे एक-दोन-तीन लिहायची, आणि ते दुरून पाहायचे. मी नर्सिंगला गेल्यावर शेजारच्या कोणाकडून लिहून घेऊ लागले. आयुष्यभर स्वतःच्या आकड्यांवर काम करणारा माणूस चौकटीपुढे उभा राहून कोणी येण्याची वाट पाहायचा. लोक म्हणतात माझे बाबा अडाणी. अडाणी नव्हते ते. गुरुजींनी सुरुवात केली आणि उरलेलं मी केलं.

पुढे मला भंडाऱ्याला नोकरी लागली. पहिल्या दिवशी वॉर्डात शिरले तर भिंतीवर हे मोठं घड्याळ, रोमन अंकांचं. वेळ पाहायला मान वर केली आणि जागीच थांबले. त्यावर चाराच्या जागी चार काड्या! IV नाही, IIII. कितीतरी घड्याळांवर तसंच असतं म्हणे, पूर्वीपासून. माझ्या अंगाची लाही लाही झाली. घड्याळवाल्याला नाही कोणी वर्गात बोलावून हात जोडायला लावले. त्याने लिहिलं तर ती पद्धत, माझ्या बाबांनी लिहिलं तर ते भलतंसलतं!

फोटो काढला आणि सुट्टीत गावी जाऊन बाबांना दाखवला. "पाहा, तुमचाच आकडा!" त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "घड्याळवाल्याचंच चुकलं असन. त्याले कोनी सांगतलं नसन बिचाऱ्याले."

मी मोबाईल हिसकावून घेतला आणि परसात जाऊन रडले. रागाने रडले, दुसरं काही नाही.

यंदा आम्ही भंडाऱ्याजवळ शहापूरला घर बांधायला काढलं. सगळे म्हणाले, लोखंडी चौकटी आणा, लाकडात काय ठेवलंय. मी म्हणाले, बाकीच्या काय पाहिजे त्या आणा, समोरच्या दाराची चौकट माझे बाबा करतील. बाबा आता थकलेत, हातोडा उचलला की दम लागतो, तरी महिनाभर खपून त्यांनी गावच्या अंगणात चौकट जुळवली. मग फोन आला.

"बाई, कधी येतं? आकडे टाकून दे."

"मी नाई टाकत."

"मंग कोन टाकन?"

"तुमी टाका. पटाशीनं टाका."

आठ दिवस चौकट तशीच पडून होती. आईने फोनवर मला झापलं, "कायले छळून राहिली वो बापाले?" मी म्हटलं, छळते, जा! नवव्या दिवशी पुन्हा बाबा. "तीन टाकले. चवथा तेवढा तू सांग."

सुट्टी काढली आणि पहिली बस पकडली. अंगणात चौकट विटांवर ठेवलेली. तीन कोपऱ्यांवर एक काडी, दोन काड्या, तीन काड्या, सगळ्या खोल आणि सरळ. चौथा कोपरा कोरा. मी बॅगही खाली ठेवली नाही. पेन्सिल काढली, एका सुट्या फळीवर IV लिहिला आणि फळीची वरची बाजू खाली फिरवून ती बाबांपुढे धरली.

"वाचा. किती?"

"सहा," ते लगेच म्हणाले.

"मंग? हे तवाच समजलं होतं नं तुमाले? सानगडीच्या आधीच? पाटीवरच?" माझा आवाज चढला होता, शेजारणी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. "काहून ऐकलं माझं? दोन थापडा काहून नाई मारल्या मले?"

बाबांनी फळी माझ्या हातातून घेतली. अंगठ्याने पेन्सिल पुसत राहिले.

"समजलं होतं," ते म्हणाले. "पन तू नवं नवं शिकून राहिली होती. वर्गात एकडाव खोटी पडली, घरीबी खोटी पडली असती, तं शाळेत गेली असती काय तू?"

पंचवीस वर्षांचा राग तोंडात घेऊन मी तिथे उभी. सागवान फाटलं ते त्यांनी फाटू दिलं होतं. पाच-सहा माणसांपुढे त्यांनी ऐकून घेतलं होतं. मी मात्र इतकी वर्षं त्यांच्यासाठी चिडत होते, जणू त्यांना काही कळत नव्हतं. म्हणजे गुरुजींसारखीच मी.

पटाशी विटेवर पडली होती. ती उचलून मी त्यांच्या हातात दिली आणि चौकट दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. बाबा गुडघे टेकून बसले. एक घाव घातला, दम घेतला. दुसरा घातला. तिसऱ्यानंतर थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मारा," मी म्हटलं.

त्यांनी चौथा मारला.